सात रस्त्यावरच्या डब्यातली मेमरी

मी एक मेमरीची पट्टी बोलतेय. दोन बोटं रुंद, पाचशे बारा एमबीची, जुन्या डेस्कटॉपात बसणारी. पहिली नऊ वर्षं एका नेट कॅफेत गेली. तो बंद पडला आणि मी सात रस्ता चौकात मकदूमभाईंच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात येऊन पडले. मला कुणी टाकलं नाही, पण कुणी विचारलंही नाही.

काल सोमवारी वच्छलाकाकू रिक्षातून संगणक घेऊन आल्या. त्या चादरींच्या नक्ष्या काढतात. मागाला लागणारे भोकांचे पुठ्ठे पाडायचं त्यांचं यंत्र याच जुन्या संगणकावर चालतं, नव्यावर नाही.

"सकाळपासून चालूच हुईना, नुसता शिट्ट्या मारतोय," काकू म्हणाल्या. "उद्या दुधनी गावच्या एका लग्नाच्या चादरी मागावर चढायच्यात. नक्षी ह्यातच हाय."

"दुसरीकडं उतरवली न्हाई?" मकदूमभाईंनी विचारलं.

"न्हाई की."

मकदूमभाईंनी झाकण काढलं. आतली पट्टी कडेला जळून काळवंडली होती. त्यांनी डबा उघडला. पहिली निघाली ती नव्या पिढीची. तिची खाच जवभर सरकलेली.

"जरा दाबून बघा की."

"दाबलं तर बोर्डच जाईल, काकू."

दुसरीची खाच जुळली. बटण दाबलं, तर लांबलांब शिट्ट्या. "एक जीबीची हाय. ह्याला झेपत नसंल."

राहिले मी. माझे मळलेले सोनेरी दात त्यांनी खोडरबरानं घासले, मला बसवलं. पुन्हा तीच शिट्टी. काकूंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. उपवासाचा दिवस, पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे.

मकदूमभाईंनी मला काढून खोबणीत बॅटरी मारली आणि हसले. "काकू, तुमची पूजा लई आतपर्यंत पोचली की."

खोबणीत लाल भुगा साचला होता.

"खंडेनवमीचं कुंकू," काकू ओशाळल्या. "ह्याच्यावर पोट हाय आमचं. पण मी झाकणावरच वाहते हो."

"झाकणाला भोकं हायत की."

त्यांनी ब्रश फिरवला, हळूच मला पुन्हा बसवलं. बटण दाबलं. मग एकच छोटी शिट्टी, आणि पडद्यावर माझा आकडा उमटला.

आता मी त्यांच्या घरी आहे. पुठ्ठे पडताहेत, नक्षीतली डाळिंबाची वेल माझ्यातून चालली आहे. काकू, एवढंच ऐका. मी काही साठवत नाही, वीज गेली की सगळं विसरते. नक्षी जिच्यावर आहे ती हार्ड डिस्कची चकतीही थकली आहे. आज संगणक चालतोय तोवर वेल दुसरीकडे उतरवून घ्या. मग मला परत डब्यात ठेवलंत तरी चालेल.