ताठ गुडघा

टेक टाच भुईवर, भुई सोडू नको बाई,
गुडघा ठेव ताठ, पोरी, कशाला ग घाई.

ही ओवी श्यामलाबाईंची स्वतःची. मिरजेच्या कॉलेजात त्या खेळ शिकवायच्या. चालण्याच्या शर्यतीचे दोन नियम काही केल्या पोरींच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा त्यांनी ते गाण्यातून पायांत उतरवले. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे पडणाऱ्या पायाचा गुडघा ताठ हवा. शास्त्र म्हणायचं तर एवढंच, बाकी सगळा दम. सकाळी मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या पोरी ही ओवी पुटपुटत चालायच्या, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, कॉलेजात भजनी मंडळ निघालंय की काय.

त्या पोरींनी विद्यापीठाची पदकं आणली, राज्याची आणली. कोणी पोलिसात गेल्या, कोणी रेल्वेत, कोणी स्वतःच शिट्टी गळ्यात अडकवून दुसऱ्या गावच्या पोरींना पळवू लागल्या. 'बाईंच्या पोरी' म्हटलं की जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नसे. बाईंच्या सचोटीचाही दबदबा होता. एकदा आपल्याच पोरीचा पाय उडीच्या पट्टीपुढे पडलेला फक्त त्यांनी पाहिला होता, तर त्यांनी स्वतः जाऊन पंचांना सांगितलं आणि हातचं पदक घालवलं. आणि त्या मैदानाला एक अलिखित नियम होता, दुखतंय म्हणायचं नाही. जी म्हणेल तिला बाकीच्या 'आली ग लोण्याची बाहुली' म्हणून छळायच्या, आणि बाई तिकडे पाठ करून हसायच्या.

निवृत्तीनंतर त्या सिडनीला, पेंडल हिलला मुलाकडे आल्या. वरुण सकाळी पॅरामॅटाच्या ऑफिसात गेला की घर खायला उठे, म्हणून त्या जवळच्या ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, चालायला जात. तिथे युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, क्लबची मुलं सराव करायची. एका मुलाचा खांदा वर चढतोय हे बाईंना बघवेना. त्यांनी सरळ जाऊन तो खाली दाबला. तिथून सुरुवात झाली, आणि वर्षभरात त्या क्लबच्या कोच होऊन बसल्या. मुलं त्यांना 'श्याम' म्हणत. साठी ओलांडल्यावर आमच्या आईचा श्याम झाला, असं वरुण चिडवायचा.

ही मुलं खुशाल सांगायची, श्याम, पोटरी धरलीय, आज नको. आणि कॉफीचा कप घेऊन झाडाखाली बसायची. बाईंना पहिल्यांदा वाटलं, लाडावलेली आहेत. मग त्यांच्या लक्षात आलं, की आज बसलेलं पोर पुढच्या आठवड्यात परत येतं, आणि वर्षानुवर्षं येत राहतं. मिरजेच्या किती पोरी पंचविशीनंतर मैदानात दिसल्या, हे त्या मनातल्या मनात आठवू लागत आणि अर्ध्यावरच सोडून देत.

करोना ओसरला, विमानं सुरू झाली आणि पेंडल हिलच्या घराघरापुढे चपला-बुटांचे ढीग दिसू लागले. एकेका खोलीत तीन-तीन विद्यार्थी. ट्रेनमध्ये तेच, दुकानांच्या गल्ल्यांमागे तेच. त्या लोंढ्यात चिन्मयी आली. दिवसा युनि, संध्याकाळी स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात उभ्याने काम. तिने ओव्हलवर येऊन बाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा कॉफी पिणारी मुलं बघतच राहिली. सिडनीत बाईंना 'बाई' म्हणणारी ती एकटी.

ती नीरजाची मुलगी. आणि नीरजा म्हणजे बाईंच्या साऱ्या कारकिर्दीचा कळस. नडगीच्या हाडाला चीर गेलेली असताना ती विद्यापीठाची क्रॉस कंट्री पळाली, पहिली आली, आणि रेषेपलीकडे कोसळली ती हसत. कॉलेजच्या हॉलमध्ये अजून तिचा तो फोटो आहे. बाईंच्या प्रत्येक सत्काराच्या भाषणात ही गोष्ट यायची आणि टाळ्या घेऊन जायची. नीरजा त्यानंतर कधी पळाली नाही. थंडी पडली की ती अजूनही नडगीला लोकरी पट्टी गुंडाळते. ते भाषणात नसे.

चिन्मयी मात्र चालू लागली की डोळ्यांचं पारणं फिटे. दुकानात ती गर्दीतली एक होती, लेक्चरला मागच्या रांगेतली एक होती. रस्त्यावर पाऊल टाकलं की ती चिन्मयी होती. हिवाळ्यात पॅरामॅटाच्या पार्कमध्ये चालण्याची निवड शर्यत होती. त्यात वर आली तर देशभरच्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जायचं. त्यासाठी ती जीव टाकत होती.

शर्यतीच्या आठवड्यात बाई भाजी घेऊन स्टेशनच्या पुलावरून येत होत्या. खालच्या जिन्यावर चिन्मयी दिसली. कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरत होती, जशी नीरजा उतरायची. बाईंनी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हलवर त्यांनी तिला खाली बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, चेहरा मात्र हलला नाही.

"दुखतंय?"

"नाही बाई. मस्त आहे."

बाईंनी शर्यत बंद म्हणून सांगितलं, स्कॅन करून घे म्हटलं. ती हो म्हणाली, आणि क्लबच्या कॅप्टनला भेटून नाव तसंच ठेवून आली. मिरजेत बाईंनी 'बस' म्हटलं की पोरी जागच्या जागी बसत. इथे उतरायचं की नाही हे खेळाडूने ठरवायचं असतं, कोचने फक्त सांगायचं. बाईंनी मिरजेला फोन लावला, तर नीरजा हसायला लागली. माझीच पोर आहे बाई, म्हणाली, लहानपणापासून तुमचं ऐकतच वाढलीय.

ते खरंच होतं. चिन्मयी बाईंचं ऐकत होतीच, पण ती त्या जुन्या, मिरजेच्या बाईंचं ऐकत होती. समोर उभ्या असलेल्या या बाईंचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

शर्यतीच्या सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. पंच कमी पडले, तेव्हा मुख्य पंच ग्लेनिसने बाईंना विचारलं, एका वळणावर उभी राहशील का? तुझ्याच क्लबची मुलगी आहे शर्यतीत, चालेल ना? बाईंनी 'नो वरीज' म्हटलं. तोवर त्यांच्या मनात काही नव्हतं.

पंचाचं काम साधं असतं. नियम मोडलेला डोळ्याला दिसला की लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे पाठवायचं. तीन वेगळ्या पंचांची तीन कार्डं पडली की चालणारा बाद. चिन्मयीची दोन सुरुवातीलाच पडली, घाईत पाऊल उचललं गेलं म्हणून. फळ्यावर आपल्या नंबरापुढे दोन खुणा बघून ती सावरली. मग अशी चालू लागली की दुसऱ्या वळणावरचा पंचही मान डोलवू लागला.

बाई वळणावर उभ्या होत्या. डोळे गुडघ्यावर ठेवायचे, तर कान पावलांकडे जात होते. एक पाऊल जड पडत होतं, एक हलकं. प्रत्येक फेरीला जड पाऊल जास्त जड, हलकं जास्त हलकं. त्यांनी वर पाहिलं. चिन्मयी हसत होती. ओठ ताणून, दात दाखवून. हॉलमधल्या फोटोत आहे तसंच.

ती समोरून गेली. गुडघा ताठ होता, टाच टेकलेली होती. बाईंनी जन्मभर जे शिकवलं, ते इतकं स्वच्छ कुणाच्याच पायांत उतरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बोटं गारठलेली होती. त्यांनी कार्ड काढलं, चिन्मयीचा नंबर लिहिला, वाकलेल्या गुडघ्याची खूण केली आणि ते पाठवून दिलं.

पुढच्या फेरीला ग्लेनिस लाल पाटी घेऊन आडवी आली. चिन्मयी थांबली आणि जिथे थांबली तिथेच फुटपाथच्या कडेला बसली. मुलं येऊन तिच्या पाठीवर थोपटत होती, हार्ड लक मेट म्हणत होती. तिने फळा बघितला, तिसरं कार्ड कोणत्या वळणावरचं ते विचारलं. मग मान वळवून दूर उभ्या बाईंकडे पाहिलं. चालणाऱ्याला आपला गुडघा आरशाशिवाय कळतो.

बक्षिसं वाटून झाल्यावर बाईंनी ग्लेनिसला सगळं सांगितलं. गुडघा ताठ होता, म्हणाल्या. ग्लेनिस बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिली. निकाल आता फिरवता येणार नाही, आणि तुला पुन्हा पंच म्हणून उभं करता येणार नाही, एवढं तिने सांगितलं. जाताना तिने बाईंच्या दंडाला हात लावला. क्लबने वर्षअखेरीला बाईंचा सत्कार ठरवला होता. तो बाईंनीच नको म्हणून कळवला.

स्कॅनमध्ये नडगीला चीर निघाली. अजून थोडी चालली असती तर हाड तुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चिन्मयीच्या पायात हाड जुळेपर्यंत घालायचा, गुडघ्यापर्यंतचा काळा बूट आला. मग नीरजाचा फोन आला. ती आधी खूप बोलली. पोरीने इतक्या लांब जाऊन एवढी मेहनत केली, घास तोंडाशी आला होता, आणि तुम्ही, बाई, तुम्ही.

"मला तर नव्हतं थांबवलंत तुम्ही," नीरजा म्हणाली.

म्हणताना तिचा आवाज चढलेला होता. शब्द संपले तसा तो खाली आला. दोघींपैकी कुणालाच फोन ठेवता येईना.

चिन्मयी ओव्हलवर येईनाशी झाली. रोज वाट बघून बघून शेवटी एका दुपारी बाईच मिठाईच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. चिन्मयी गल्ल्यामागे स्टुलावर बसलेली होती, बूट समोरच्या खोक्यावर.

"गुडघा वाकला होता का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मी जिंकत होते."

"हो."

"मी परत येईन की नाही माहीत नाही, बाई."

बाईंनी मान हलवली. आयुष्यभर जपलेला खरेपणा एका कार्डावर खर्च झाला होता, आणि तसाच प्रसंग पुन्हा आला तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं. त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

चिन्मयी काचेमागच्या बर्फीकडे बघत राहिली. ओठ नेहमीसारखे ताणायला गेले, पण ते तिच्याने झालं नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय, बाई. चार महिने झाले."

इतक्यात एक आई मुलाला घेऊन आत आली आणि पेढे मागू लागली. चिन्मयी सवयीने काउंटर धरून उठायला लागली.

"बस," बाई म्हणाल्या.

ती बसली. श्यामलाबाईंनी पर्स खाली ठेवली, काउंटरच्या आत गेल्या, आणि चिमटा कुठे ठेवतेस ग, असं विचारून पेढे तोलायला घेतले.