उत्तरापुरतीच ओळ ठेवावी

दादा निवृत्त मुद्रितशोधक, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलेला माणूस. घरच्या ईमेलमध्येही त्याने शिस्त आणली. आधीच्या मजकुराचं शेपूट लोंबकळत ठेवायचं नाही. ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच ठेवायची, बाकी सगळं छाटायचं, आणि आपलं म्हणणं तिच्याखाली लिहायचं. आता नियमात काही खोट नाही हो! खोट माणसांत होती.

आई असायची धाकटीकडे. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिला दुसऱ्या गावी लॅबप्रमुखाची नोकरी चालून आली. पण नोकरीसोबत मिळणारी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि आईचे गुडघे तर पार कामातून गेलेले. म्हणून तिने दोघा भावांना लिहिलं, "मला मोठी नोकरी मिळाली. एक तारखेला निघायचंय. आईला नवा चष्मा केलाय. आई आता तुमच्यापैकी कोणाकडे राहील?"

दादाने नोकरीची ओळ ठेवली आणि खाली लिहिलं, "अभिनंदन! घराण्याचं नाव काढलंस." मधल्याने चष्म्याची ओळ उचलली, "नंबर किती निघाला?" शेवटची ओळ दोघांनीही अशी सफाईने उडवली, की धाकटीलाच वाटावं, आपण ती लिहिली तरी होती का!

तिने पुन्हा विचारलं. या खेपेला फक्त तेवढी एकच ओळ. घ्या, आता काय छाटता? दादाने कळवलं, "विषय बदलला की मथळाही बदलावा. जुन्या मथळ्याखाली नवा विषय घुसडू नये." मधला म्हणाला, "दादाशी सहमत." आणि हे म्हणे शिकलेसवरलेले! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी ती आईला घेऊन थेट दादाच्या दारात उभी राहिली. दादाचं घर तळमजल्यावर, मागची खोली रिकामी, तिथे व्यायामाची सायकल धूळ खात पडलेली.

"अगं, आधी कळवायचं तरी!" दादा गडबडला.

"कळवलं होतं. दोनदा."

आईने दारातूनच विचारलं, "ठेवून घेतोस का रे मला?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पंख्याकडे पाहिलं.

"आत तर ये," दादा म्हणाला. "पाणी घे. प्रवास कसा झाला?"

आई जागची हलली नाही. "चल गं," ती धाकटीला म्हणाली, "कळलं मला."

टॅक्सीत धाकटी रडली, आई नाही. मधल्याकडे जाण्यात अर्थ नव्हता, तो दादाशी सहमतच असणार. मग डोळे पुसून धाकटीने नव्या साहेबांना फोन लावला. तळमजल्यावर दोघींपुरती जागा मिळेल का, असं तिने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "जमत नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दुसरं कोणीतरी बघतो."

"नाही जमणार," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या परक्या माणसाने निदान विचारलं त्याचं उत्तर तरी दिलं होतं.