नाहीशी झालेली उडी

प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनी म्हणत. संशोधनाला आली तेव्हाच ती लग्न झालेली होती, आणि पुढे एका मुलीची आईही झाली. नवरा आणि लेक टिल्ली दुसऱ्या गावी राहत. नवरा शाळेत शिकवायचा, लेकीच्या वेण्या घालायचा आणि फोनवर न चुकता विचारायचा, "झालं का गं?" ती म्हणायची, "झालंच आता."

आणि खरंच होत आलं होतं. तिने बनवलेली करडी पावडर ऑक्सिजन पोटात साठवून ठेवते, असा तिचा शोध होता. भट्टीत तापवलेल्या नळीत पावडर ठेवायची, तिच्यावरून ऑक्सिजन सोडायचा, मग तो बंद करून त्याच क्षणी कार्बन मोनॉक्साईड सुरू करायचा. त्या क्षणी पडद्यावरची, नळीतून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साईड दाखवणारी रेघ टुणकन उडी मारायची. म्हणजे आत काहीतरी जळालं. ऑक्सिजन तर बंद, मग तो आला कुठून? पावडरीच्या पोटातून. या उडीवर तिचा आणि तिच्या मार्गदर्शक सरांचा निबंध छापून आला होता. प्रबंधही बहुतेक लिहून झाला होता.

प्रबंधाचा मसुदा वाचून परीक्षकांनी एवढीच शंका काढली, की दोन्ही वायू खरोखर एकदमच बदलतात का?

प्रत्येक वायूला एक प्रवाह नियंत्रक होता. कॉम्प्युटरमधलं कार्ड जेवढे व्होल्ट देईल तेवढी त्याची झडप उघडायची. ते व्होल्ट कधी द्यायचे हे सरांनी तरुणपणी लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा. शंकेला जागाच नको म्हणून तिने नवं कार्ड मागवलं. त्याला स्वतःचं घड्याळ होतं. दोन्ही आकडे आधी भरून ठेवायचे; एका ठोक्याला दोन्ही व्होल्ट बाहेर.

नवं कार्ड बसवलं आणि उडी गेली. रेघ सपाट.

तिने वायरी बदलल्या, नळी बदलली, पावडर नव्याने बनवली. रेघ ढिम्म हलेना. शेवटी तिने सरांचा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचला. तो आधी कार्बन मोनॉक्साईडची झडप उघडत होता, मग पडद्यावर आलेख रंगवत बसत होता, आणि ते आटोपलं की ऑक्सिजनची बंद करत होता. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की आणखी उशीर. तेवढ्या वेळात दोन्ही वायू एकत्र पावडरीवरून जात आणि जळत. तिने नव्या कार्डावर मुद्दाम थोडं वेळेचं अंतर ठेवून पाहिलं. उडी परत आली. अंतर वाढवलं, उडी वाढली.

पावडरीच्या पोटात काहीही नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस ती रोज यायची, भट्टी चालू करायची आणि नुसती बसून राहायची. कुणी "काय वहिनी, पेढे कधी?" म्हटलं की हसायची. नवऱ्याला सांगायला फोन हातात घ्यायची आणि टिल्लीचा अभ्यास विचारून ठेवून द्यायची.

सरांना सांगणं तर जिवावरच आलं होतं. त्यांची निवृत्ती तोंडावर होती आणि ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. शेवटी त्यांना मशीनपाशी बोलावून तिने दोन्ही रेघा, उडीची आणि सपाट, आणि प्रोग्राममधल्या त्या ओळी दाखवल्या.

सरांनी दोन्ही रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कार्ड काढून ठेव."

"सर?"

"जुनं लाव. परीक्षकांना लिही, तपासलं, ठीक आहे. अगं, कोण बघायला येतंय?"

या माणसाने तिला एकदा एका चुकीच्या दशांशासाठी अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला लावलं होतं. सरांनाही ते आठवलं असावं. ते तिच्या नजरेला नजर न देता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा ते तिच्या खुर्चीवर बसलेले होते. दाढी केलेली नव्हती.

"निबंध मागे घेतोय असं नियतकालिकाला कळवलंय," ते म्हणाले. "काल मी बोललो ते विसर. प्रोग्राम माझा, पण वर्षं तुझी गेली. तुला काय तोंड दाखवू?"

"सर, मीपण कधी उघडून पाहिला नाही तो."

"माझ्यावर विश्वास होता म्हणून." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दुसरे मार्गदर्शक बघून देतो. नवा विषय घे."

नवा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ती खोली, तो फोन, तेच "झालंच आता". तेवढी ताकद आपल्यात उरलेली नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"नको, सर," ती म्हणाली. सरांनी आग्रह केला नाही. तेच तिला जास्त लागलं.

तिने सिलिंडरच्या चाव्या घट्ट बंद केल्या, भट्टी निवू दिली आणि जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"मी घरी येतेय."

"अरे वा! किती दिवस?"

"कायमची. नाही झालं रे. काहीच नाही झालं."

पलीकडे शाळेची मधली सुट्टी होती. पोरांचा गलका ऐकू येत होता.

"बरं," तो म्हणाला. "गाडी कितीची आहे? घ्यायला येतो."

वरून कुणीतरी जिना उतरत होतं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदर तोंडात कोंबून ती रडत राहिली.