पाण्याचा पट्टा

[नवं औषध]

अम्रीन पुण्याहून आली ती पांढरा कोट घालूनच उत्रोलीच्या बांधावर उतरली, असं फौजिया पुढं सगळ्यांना सांगायची. कोट नव्हता. साधा पंजाबी ड्रेस होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. पण फौजियाला कोटच दिसला.

दोघी मावसबहिणी. बारावीपर्यंत भोरला एका बाकावर बसलेल्या. बायोलॉजीत फौजियाला नेहमी जास्त. मग फौजियाच्या अब्बांना अर्धांगवायू झाला, ती शेती-औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसली आणि अम्रीन शिकत शिकत पीएचडीला पोचली.

"कोळंबीच्या टरफलापासून कण करतो, आजी," अम्रीन शेतमालकीण धोंडाबाईला सांगत होती. "डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांच्या पोटात भातावरच्या करपा रोगाचं औषध भरायचं. ते पानावर बसून हळूहळू सोडतात आणि नंतर स्वतःच कुजून जातात. औषध थोडं लागतं, ओढ्यात उतरत नाही. नॅनो म्हणतात याला."

"ती बारकी गाडी?"

"त्याहून बारकं."

"आन कोळंबीचं? माझ्या इंद्रायणीला वशाट लागंल की गं!"

बांधावरचे सगळे हसले. रोजा धरून पोरगी फवारतीये, असंही कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

रोजा फौजियाचाही होता.

[जुनं औषध]

ते फौजियाच्या दुकानातलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

[नुसतं पाणी]

खाचराचे तीन पट्टे केले होते. पहिल्यावर नवं, दुसऱ्यावर जुनं औषध. तिसऱ्यावर फक्त पाणी मारायचं आणि करपा पडू द्यायचा, म्हणजे बाकीचे दोन ताडून बघता येतील. अम्रीन बजावून पुण्याला गेली.

पुढच्याच आठवड्यात धोंडाबाई दुकानात.

"पोरी, करप्याची एक पुडी दे. पर अम्रीनला सांगू नगंस."

"का हो आजी?"

"तिसरा पट्टा बघवत न्हाई. ठिपकं आल्यात पानावर. तीन लेकरं एका पंगतीला बसवायची, दोघांला वाढायचं आन तिसऱ्याला नुसतं पानी? आमच्या गड्याला, सोपानला म्हनलं, सांजच्याला मार."

फौजियाला काहीच करायचं नव्हतं. शेतात जायचं नव्हतं, खुणेच्या काठ्या उपटायच्या नव्हत्या. कपाटातून फक्त एक पुडी काढायची होती. गिऱ्हाइकाला माल दिला, यात पाप ते काय?

तिने पुडी दिली. किती पाण्यात किती, तेही समजावलं. नीट, एरवीपेक्षा नीट.

त्या दिवशी इफ्तारचा खजूर फार गोड लागला.

[नवं औषध, पुन्हा]

ईद झाल्यावर अम्रीन तिच्या सरांना घेऊन आली. सरांना पटलं तर पुढच्या हंगामातही प्रयोग चालणार, नाही तर काम बंद. फौजिया मुद्दाम गेली. अम्रीनचा चेहरा पडताना तिला बघायचा होता.

तिन्ही पट्टे सारखेच हिरवेगार. अम्रीनचा चेहरा खरंच पडला.

"यंदा इथं करपा आलेलाच दिसत नाही," सर म्हणाले.

"हो सर," अम्रीन सावरून म्हणाली. "पाऊस कमी, हवा कोरडी. त्यामुळे असेल."

"चांगला मुद्दा आहे."

चांगला मुद्दा! फौजियाच्या अंगाची लाही झाली. हिनं चुकीचं बोलायचं आणि शाबासकीही हिलाच?

"कोरडी हवा कसली डोंबलाची! करपा आला होता!" ती ओरडली. "या पट्ट्यालाही औषध मारलंय. माझ्याच दुकानातनं नेलं. विचारा आजींना!"

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. "एकच पंप मारला हो. त्यो पल्याडचा कोपरा तर ऱ्हायलाच."

[कोपरा]

अम्रीन चिखलातून पळाली. कोपऱ्यातली पानं करपून गेली होती, पानापानावर डोळ्यांच्या आकाराचे राखाडी ठिपके. ती तिथंच गुडघ्यावर बसली आणि हसत सुटली.

"सर, या लवकर! हे बघा!"

सरांनी कोपरा बघितला, पहिला पट्टा बघितला, परत कोपरा बघितला. "पुढच्या हंगामाला पुन्हा करू," ते म्हणाले. "आजी, या वेळी तिसऱ्या लेकराला उपाशीच ठेवा."

अम्रीननं येऊन चिखलाच्या हातांनी फौजियाला मिठी मारली. "आपा, तू नसतीस तर मी संपलेच होते."

पुडी देताना गप्प का राहिलीस, हे तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"या कोण?" सरांनी विचारलं.

"माझी बहीण. बारावीला बायोलॉजीत माझ्या पुढं होती, सर. कायम."

फौजियानं एवढी एकच गोष्ट इतकी वर्षं उराशी जपली होती. अम्रीननं तीही सहज वाटून टाकली.