खड्ड्यात उभी केलेली खुर्ची

मी एक प्लास्टिकची खुर्ची. पाय मोजू नका, तीनच आहेत. चौथा एका जाडजूड गिऱ्हाइकाने मोडला आणि वर "जरा बऱ्या खुर्च्या ठेवा" असं मास्तरांनाच सुनावलं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. त्यांनी मला दुकानामागे टाकून दिलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं.

मला पुन्हा उजेडात आणलं ते दुकानासमोरच्या खड्ड्याने. मास्तरांच्या वडिलांना, नानांना, अगदी अंधुक दिसतं. तरी रोज सकाळी काठी टेकत एकटेच दुकानात यायचे आणि हाताच्या अंदाजाने बटणं लावत बसायचे. एक दिवस ते त्या खड्ड्यात पडले. मनगट सुजलं. सूनबाईंनी त्यांचं बाहेर पडणंच बंद केलं.

"घरात बसवून माझं काय लोणचं घालणार आहेस?" नाना म्हणाले.

तेव्हा मास्तरांनी मला खड्ड्यात रोवून उभं केलं, पाठीला लाल चिंधी बांधली. नाना पुन्हा येऊ लागले. काठी माझ्या पायाला लागली की विचारायचे, "आहेस ना गं?" आणि डावीकडून वळायचे. मोठमोठ्या गाड्याही मला वळसा घालून जात. माझ्यावर बसताना ज्यांनी कधी खाली पाहिलं नाही, तेही आता मला बघून वेग कमी करायचे.

मग मास्तरांनी मोबाइलवरून खड्ड्याची तक्रार केली. फोटोत मी ऐटीत मधोमध, खड्डा बिचारा माझ्याखाली झाकलेला. कार्यालयात तो फोटो पाहून तक्रार गेली अतिक्रमण विभागाकडे. रस्त्यात खुर्ची आहे म्हणे.

आठव्या दिवशी सकाळी अतिक्रमण विभागाचा ट्रक आला. सोबत आलेल्या साहेबांनी माणसांकरवी मला उचलून वर टाकलं.

"अहो, तक्रार मीच केलीय," मास्तर धावत आले.

"मग तुमचंच काम करतोय की आम्ही."

तेवढ्यात नाना आले. काठी मला शोधत हवेत फिरली. मी ट्रकवरून पाहत होते. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. नानांनी पाऊल उचललं. साहेबांनी झेप घेऊन त्यांना धरलं खरं, पण स्वतःच गुडघ्यापर्यंत आत गेले.

"कोण पडलं?" नानांनी विचारलं.

साहेबांनी तिथूनच रस्ते विभागाला फोन लावला. "खड्डा आहे. फोटो नाही हो, मी आतच उभा आहे." मग त्यांनी स्वतःच्या हातांनी मला पुन्हा खड्ड्यात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी डांबर पडलं, रोलर फिरला. सपाट रस्त्यावर तीन पायांनी मला उभं राहता येईना. मी कडेला आडवी झाले आणि या वेळी खरोखरच अडथळा ठरले. त्याच ट्रकने मला नेलं. निघताना पाहिलं, नाना माझ्या जागेवरून सरळ चालत गेले.

आता मी जप्तीच्या गोदामात, मोडक्या हातगाड्यांच्या शेजारी पडून आहे. तुम्ही तक्रार कराल तेव्हा आमच्यासारख्यांना जरा बाजूला करा आणि फोटो खड्ड्याचा काढा. आणि मास्तर, मला सोडवायला येऊ नका. इथे मला करमत नाही, तरीही येऊ नका. तुम्हाला माझी गरज लागली, म्हणजे पुन्हा खड्डा पडला असेल आणि नाना पुन्हा घरात बसलेले असतील.