स्पुर्वची डावी काच

आर्नुल्फ गेल्यापासून सोल्फ्रिदला सगळे एकच विचारत होते, "कशी आहेस?" आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, "बरं चाललंय." लार्विक गावात या प्रश्नाला एवढं एकच उत्तर चालतं. दुसरं काही दिलं तर विचारणारा घाबरतो.

आणि ते खोटंही नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं तिचं एकूणच झालं होतं. ती बटाटे उकडत होती, खात होती, भांडी घासून ठेवत होती. अंत्यविधीला आलेल्यांना तिने स्वतः कॉफी वाढली. "किती धीराची बाई!" असं लोक म्हणाले. धीर कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. कॉफी संपत आली होती आणि उठायला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

तिला फक्त एक गोष्ट हवी होती. खाली उभ्या असलेल्या गाडीची डावी काच.

गाडीचं नाव स्पुर्व, म्हणजे चिमणी. विजेवर चालणारी, दोन माणसांची, आणि मागे बटाट्यांची. ही गाडी बनवणारा कारखाना तीनदा बुडाला, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी आशावादी माणूस तो विकत घेऊन पुन्हा बुडवी. त्यामुळे स्पुर्ववाले गाडीचं वर्ष सांगत नाहीत. "माझी पहिल्या बुडीतली," "माझी दुसऱ्या," असं सांगतात. आर्नुल्फची तिसऱ्या बुडीतली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. "तोवर सगळ्या चुका करून झाल्या होत्या," असं तो म्हणे.

जानेवारीत एका दुपारी तो दुकानातून आला, गाडी इमारतीखाली लावली, डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि गेला. डोकं नेमकं हॉर्नवर टेकलं होतं. स्पुर्वचा हॉर्न सर्दी झालेल्या बदकासारखा. तो वाजतच राहिला. वर सोल्फ्रिद माशाच्या वड्या तळत होती. पिशव्या उचलायला बोलावतोय, असं तिला वाटलं. 'वाजवतोय बघ मेला,' असं मनात म्हणून तिने वड्या उलटल्या.

खाली उतरला तो टॉर्मोद. टॉर्मोद म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष. सोसायटीचे नियम त्यानेच लिहिले होते आणि ते पाळणाराही बहुधा तो एकटाच. तो उतरला तो हॉर्नबद्दल तक्रार करायला. जवळ आल्यावर त्याने पाहिलं, दाराचं हँडल ओढलं, पुन्हा ओढलं. दार उघडेना. मग त्याने भिंतीला टेकवलेलं बर्फ काढायचं फावडं उचललं आणि काच फोडली.

डॉक्टर सोल्फ्रिदला म्हणाले, हॉर्न वाजायच्या आधीच सगळं संपलेलं होतं. काच फोडली काय, न फोडली काय. टॉर्मोदला हे कोणी सांगितलं होतं की नाही, तिला माहीत नव्हतं. दुसरी एक गोष्ट मात्र माहीत होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. दाराला कुलूप नव्हतंच. स्पुर्वचं हँडल आधी आत दाबायचं, मग वर उचलायचं आणि मग ओढायचं. "लाजाळू आहे जरा," असं आर्नुल्फ प्रत्येक पाहुण्याला सांगे. टॉर्मोद कधी पाहुणा नव्हता.

त्या दिवसापासून सोसायटीची नोटीस येणं बंद झालं. पूर्वी महिन्याला एक ठरलेली असे. चार्जिंगची वायर पायवाटेवर आली. हॉर्न अकारण वाजवला. गाडी रविवारी धुतली. आर्नुल्फ त्या सगळ्या फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवी. आता खिडकीवर कचऱ्याची काळी पिशवी चिकटवलेली स्पुर्व, मोडक्या वाहनांबद्दलचा नियम सरळ मोडत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी होती आणि नोटिशीचा पत्ता नव्हता. आपल्या घरात खरंच काहीतरी भयंकर घडलंय, हे सोल्फ्रिदला पटलं ते यावरून. जिन्यात तिची चाहूल लागली की टॉर्मोद अर्ध्यातून मागे फिरे.

मुलगी ट्रॉन्हाइमला असायची. सिल्ये. रोज संध्याकाळी फोन करी.

"आई, ती गाडी नाही, डबा आहे डबा."

"हो."

"आणि तुला तरी तो कुठे चालवायचाय? बाबाच चालवायचे."

"हो."

"मग मी ईस्टरला येते तेव्हा भंगारवाल्याला बोलावते. ट्रक घेऊन येतो, तुला खालीसुद्धा उतरावं लागणार नाही."

"काच बसवायचीय," सोल्फ्रिद म्हणाली.

"भंगारात द्यायच्या गाडीला नवी काच?"

"पिशवी लावलेली नाही जाऊ द्यायची."

हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही. पण जानेवारीनंतर पहिल्यांदाच ती एखाद्या गोष्टीला 'हो' सोडून काही म्हणाली होती. ते सिल्येच्या लक्षात आलं.

"बरं बाई. ईस्टरच्या गुरुवारी मी येईपर्यंत काच बसली, तर मी गाडीबद्दल अवाक्षर काढणार नाही. नाही बसली तर ट्रक. कबूल?"

"कबूल."

काचा बसवणाऱ्या मोठ्या दुकानाला तिने फोन केला. फोनवर एक उत्साही मुलगा होता.

"गाडी कोणती?"

"स्पुर्व."

"ते मॉडेल झालं. कंपनी?"

"स्पुर्व."

"नाही, तसं नाही. ती कोण बनवतं?"

"आता कोणीच नाही."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. "इथे स्पुर्व दिसत नाहीये. तुमच्याकडे नक्की गाडीच आहे ना?"

सोल्फ्रिदने खिडकीतून खाली पाहिलं. पिशवी वाऱ्याने फुगली होती. "दिसते तर तशीच," ती म्हणाली.

शेवटी आर्नुल्फच्या टेबलाच्या खणात स्पुर्व मंडळाचा नंबर सापडला. या मंडळात गाड्यांपेक्षा सभासद जास्त. ज्यांच्या गाड्या मेल्या तेही वर्गणी भरत राहतात. फोन उचलला नोटॉडेनच्या ब्यार्तेने. हा माणूस वाक्य सुरू करण्याआधी ते पुरं होईल याची खात्री करून घेई.

"कुठल्या बुडीतली?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या. डावी काच फुटलीय."

बराच वेळ गेला. फोन कटला की काय, असं तिला वाटू लागलं.

"माझ्या गोठ्यात एक मेलेली आहे," ब्यार्ते म्हणाला. "पण तिची उजवीच शाबूत आहे."

"मग उपयोग नाही."

"आहे. कारखान्याकडे साचा एकच होता. उलटी लावली की डावी."

"पाठवशील?"

"पोस्टाने फुटेल. मी येतो घेऊन. स्पुर्वनेच येतो."

नोटॉडेनहून लार्विक म्हणजे दुसऱ्या कुठल्याही गाडीने दोन तासांची वाट. ब्यार्ते शनिवारी सकाळी निघाला आणि रविवारी दुपारी पोहोचला. थंडीत बॅटरी अर्ध्यावर येते, म्हणून वाटेत शीनला बहिणीकडे रात्रभर गाडी चार्जिंगला लावावी लागली. "तिच्याशी आठ-नऊ वर्षं बोलणं नव्हतं," दारात बूट काढता काढता तो म्हणाला. "पण प्लग तिच्याकडेच जवळ होता."

"मग? बोलली?"

"वायर कुठे आहे ते सांगितलं. सकाळी म्हणाली, परत जाताना पण लागेल ना."

सोल्फ्रिदने वाफल्स केले होते. पण ब्यार्ते आधी काम म्हणाला. रजईत गुंडाळलेली काच त्याने बाळासारखी उचलून आणली, जुनं रबर काढलं, दाराच्या पोटात हात घालून काचेचे खडे ओंजळी-ओंजळीने बाहेर काढले. सोल्फ्रिदने ते डब्यात घेतले. साखरेसारखे दिसत होते. तिला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, असं मात्र वाटलं.

नवं रबर काचेच्या कडेने चढवून ब्यार्तेने त्याच्या खाचेत दोरी भरली आणि वर साबणाचं पाणी फासलं. "आता एकाने आत बसायचं," तो म्हणाला. "मी बाहेरून काच दाबतो. आतल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसं रबर कडेवर चढत जातं. घाई नाही करायची."

आत म्हणजे आर्नुल्फच्या जागी. सोल्फ्रिदने हँडल दाबलं, उचललं, ओढलं आणि बसली. सीट फार मागे होती, पाय पोहोचत नव्हते. तिने दार लावून घेतलं आणि दोरीचं टोक हातात धरलं.

रबर काही पहिल्या झटक्यात ऐकेना. ब्यार्ते मुठीने ठोकू लागला. ठक, ठक, ठक. इमारतीचं दार उघडलं आणि टॉर्मोद बाहेर आला.

रविवारी ठोकाठोक करायची नाही हा नियम त्याचाच. आवाज ऐकून पाय आपोआप जिना उतरले असणार आणि तोंडात नोटीस तयार असणार. पण गाडीपाशी येऊन त्याने पाहिलं. तीच गाडी, तीच खिडकी, आणि आत स्टिअरिंगमागे आर्नुल्फची बायको. तोंडातली नोटीस तोंडातच राहिली. आता काहीतरी तर बोलायला हवं. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला त्या देशात जे म्हणतात, लहानपणापासून जिभेला जे वळण लागलेलं असतं, मागची भेट जेवणाची असो, लग्नाची असो की कोर्टातली, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"मागच्या भेटीबद्दल धन्यवाद."

आणि सोल्फ्रिदच्या तोंडून, तितक्याच सवयीने, त्याचं ठरलेलं उत्तर गेलं. "तुलाही धन्यवाद."

मग दोघांनाही मागची भेट आठवली.

टॉर्मोदचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग मधलाच एक रंग. ब्यार्तेला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एक जादा माणूस मिळाला होता. "अरे तू," तो म्हणाला, "वरचा कोपरा दाब. तळहाताने. पूर्ण वजन टाक."

टॉर्मोदने हातमोजे काढले आणि दोन्ही तळहात काचेवर ठेवले. सोल्फ्रिदच्या तोंडासमोर ते हात आले, कडेने पांढरे पडलेले, एकावर जुन्या जखमेची लांब रेघ. फावड्याच्या दिवसाची असावी. तिने दोरी ओढली. रबर इंचाइंचाने कडेवर चढू लागलं. काचेला टॉर्मोदच्या श्वासाने वाफ धरत होती, पुसट होत होती, पुन्हा धरत होती. शेवटच्या कोपऱ्याला दोरी अडली. तिने आतून आपला तळहात काचेला लावला आणि जोर केला.

काच बर्फासारखी गार होती. गार लागली.

टप् असा आवाज झाला आणि दोरी हातात आली.

"बसली," ब्यार्ते म्हणाला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं होतं.

टॉर्मोदने खाली वाकून दाराचं हँडल धरलं. तिला उतरायला दार उघडून द्यावं, एवढंच त्याच्या मनात असावं. त्याने ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. काचेतून सोल्फ्रिदला त्याचा चेहरा दिसला, आणि जानेवारीच्या दुपारी आतून कोणी पाहू शकलं असतं तर काय दिसलं असतं, ते दिसलं.

"ते असं नाही," ब्यार्ते सांगू लागला. "या गाडीचं हँडल आधी..."

सोल्फ्रिदने आतून दार उघडलं. जोरात. ब्यार्तेला बाजूला व्हावं लागलं.

"हे दार बाहेरून उघडतच नाही," ती म्हणाली. "कधीच उघडलं नाही. काच फोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं."

ब्यार्ते स्पुर्व मंडळाचा संस्थापक सभासद. नोटॉडेनपासून तो आपल्या स्पुर्वचं असंच दार बाहेरून उघडत आला होता, आणि मघाशी सोल्फ्रिदला उघडतानाही त्याने पाहिलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग टॉर्मोदकडे पाहिलं. वाक्य पुरं होणार नाही, याची त्याला खात्री झाली असावी.

"तिसऱ्या बुडीत," शेवटी तो म्हणाला, "दाराचं जरा असंच होतं."

टॉर्मोदने हँडल सोडलं. बराच वेळ तो हातमोजे घालत राहिला. एका हातमोज्यात त्याचा अंगठाच जाईना.

"डॉक्टर म्हणाले, हॉर्नच्या आधीच संपलं होतं," सोल्फ्रिद म्हणाली. "तुला सांगितलं का कोणी?"

"नाही."

"आता मी सांगितलं."

त्याने मान डोलावली. मग गाडीकडे, वायरीकडे, इमारतीच्या खिडक्यांकडे पाहिलं. "भंगारात जाणार असं ऐकलं होतं."

"गुरुवारी सिल्येला स्टेशनवर घ्यायला जायचंय."

"चालवणार कोण?"

"आधी सीट पुढे घ्यावी लागेल," सोल्फ्रिद म्हणाली. ती खाली वाकून सीटचा खटका शोधू लागली. तो सापडला आणि ती सीटसकट एकदम पुढे आली. कोपर हॉर्नवर पडलं. बदक ओरडलं.

वरच्या दोन-तीन खिडक्यांतले पडदे हलले. टॉर्मोद ताठ उभा राहिला. गेल्या तीन महिन्यांत त्याची पाठ एवढी सरळ कोणी पाहिली नव्हती.

"सोल्फ्रिद," तो म्हणाला. "आज रविवार आहे. रविवारी हॉर्न, ठोकाठोक, दुरुस्ती, काहीही चालत नाही. नियम आहे."

सोल्फ्रिदने काचेकडे पाहिलं. त्याच्या आणि तिच्या हाताचे ठसे तिथे एकमेकांवर उमटले होते आणि कडेने विरत चालले होते.

"लेखी दे," ती म्हणाली. "फ्रिजवर लावायला."