भिंतीपलीकडची वायर

भाट्ये खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात धोंडू अकरा वर्षे वायरमन होता. सन १९८६च्या मार्चात कारखान्याचा विजेचा वापर अकस्मात वाढला आणि मालक गंगारामशेट यांच्या अंतःकरणात वीजचोरीच्या संशयाने ठाण मांडले. कारण धोंडूचे घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच होते.

शेटनी पुण्याहून दमयंतीबाई नामक इंजिनीअर बोलावल्या. बाईंनी फ्यूजच्या पेटीत मोटरच्या वायरीला भाताच्या शितापेक्षा किंचित मोठा असा एक काळा तुकडा बांधला व तो काट्याच्या डबीस जोडला. वायर न कापता प्रवाह मोजता येतो, असे त्या म्हणाल्या. हात न लावता नाडी सांगणाऱ्या वैद्याकडे पाहावे, तसे धोंडूने त्या तुकड्याकडे पाहिले.

मोटर बंद केली. काटा मात्र सहा अँपिअरवर उभा राहिला.

"मोटर बंद, मग वीज कोण खातो?" शेट म्हणाले. त्यांची दृष्टी मागील भिंतीकडे गेली. "धोंडू, कारखान्याची किल्ली ठेव."

सांगून पटण्याची वेळ टळली आहे, हे धोंडूने ओळखले. किल्ली टेबलावर ठेवून त्याने मुख्य स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपसले. आता वायर निर्जीव होती, तरी काटा सहावरच! बाई गोंधळल्या.

पेटीच्या आतल्या बाजूस धोंडूचा जुन्या लाऊडस्पीकरचा लोहचुंबक चिकटवलेला असे. काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून. सवयीने धोंडूने तो काढून पेटीच्या झाकणाच्या काढलेल्या स्क्रूंजवळ नेताच काटा सरकन शून्यावर पडला. परत ठेवला, सहावर!

बाईंचा चेहरा उतरला. "हा तुकडा चुंबकत्व ओळखतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते विजेचं की लोहचुंबकाचं, हे त्याला कळत नाही. चूक माझी." मग त्यांनी शीतगृहाच्या दाराचे फाटलेले रबर दाखवले; थंडी तेथून निसटत होती आणि मोटर दुप्पट वेळ चालत होती.

शेटनी किल्ली पुढे सरकवली. धोंडूने ती उचलली नाही.

"आधी माझ्या घरात येवन वायर शोधा, शेट. मगच घेन."

शेट नाइलाजाने वहाणा चढवून निघाले. भिंतीपलीकडे, धोंडूच्या पडवीत, त्याची बायको सगुणा राखेने कंदिलाची काच पुसत होती. तिच्या शेजारी आणखी दोन कंदील पुसून ठेवले होते. शेटनी वर आढ्याकडे पाहिले. तेथे एकही वायर नव्हती.

"बसा की, शेट," सगुणा म्हणाली.

शेट बसले नाहीत.